बारा किलोमीटर धावणारा माणूस एक मैल किती वेळात धावेल?

“ताई, कांते एका मॅचमध्ये बारा-बारा किलोमीटर धावतो. त्याला एक मैल म्हणजे हातचा मळ. सव्वाचार मिनिटं, फार तर साडेचार.”

हे माझ्या धाकट्या भावाचं ठाम मत. तो फुटबॉलवेडा आहे. मी कॉलेजात असताना १५०० मीटर धावायचे, त्यामुळे फ्रान्सचा मिडफिल्डर एन्गोलो कांते असो की आणखी कुणी, मैलाचा विषय निघाला की आमची जुंपतेच. माझं उत्तर त्याला अजिबात आवडत नाही. व्यावसायिक फुटबॉलपटूंना उद्या सकाळी, कुठलीही खास तयारी न करता ट्रॅकवर उभं केलं, तर बहुतेक जण पाच मिनिटांच्या आसपास येतील. काही थोडे आत, बरेचसे थोडे बाहेर. गोलकीपरना आपण वगळू, त्यांच्यावर हा अन्याय नको.

भावाला हा फुटबॉलचा अपमान वाटतो. मला वाटतं, पाच मिनिटांचा मैल म्हणजे काय हे त्यानं कधी पायांनी अनुभवलेलं नाही. ट्रॅकच्या चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. प्रत्येक फेरी ७५ सेकंदांच्या किंचित आत. म्हणजे शंभर मीटर साडेअठरा सेकंदांत, आणि तेही सलग सोळा वेळा, मध्ये एकही श्वास उसना न घेता. माझी १५०० मीटरची सर्वोत्तम वेळ ४:५० होती. मैलात बदलली तर साधारण सव्वापाच मिनिटं होतात. तेवढ्यासाठी मी काय काय सोसलं ते मला ठाऊक आहे.

आता त्या बारा किलोमीटरचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. नव्वद मिनिटांत बारा किलोमीटर म्हणजे ताशी सरासरी आठ किलोमीटर. हा तर सकाळी बागेत निवांत धावणाऱ्यांचा वेग झाला. सामना पाहताना तसं वाटत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो आणि चेंडूजवळची माणसं जीव तोडून पळत असतात. बाकीचे त्या वेळी चालत असतात, हळूहळू सरकत असतात, कमरेवर हात ठेवून उभे असतात. येन्स बांग्सबो या डॅनिश शरीरक्रिया-तज्ज्ञानं खेळाडूंच्या हालचाली मोजल्या. तो स्वतः डेन्मार्कमध्ये फुटबॉल खेळलेला आणि पुढे युव्हेंटसच्या प्रशिक्षकांच्या ताफ्यात असलेला माणूस. या अभ्यासांतून दिसलं ते असं की खेळाडूची हालचाल दर चार-सहा सेकंदांनी बदलते. चालणं, मग धाव, मग वळण, मग उडी, पुन्हा चालणं. एका सामन्यात असे हजाराहून अधिक बदल. बांग्सबोनं तयार केलेली यो-यो चाचणीही तशीच आहे. वीस मीटर जा, वीस मीटर परत या, दहा सेकंद सावकाश चालून दम घ्या, पुन्हा निघा, दर थोड्या वेळानं वेग वाढतो. मैलात ते दहा सेकंद कुणी देत नाही.

माझा सगळ्यात आवडता मुद्दा फुटबॉलच्याच आकड्यांतून निघतो. खेळाडूंच्या पाठीवर जी जीपीएस यंत्रं असतात किंवा स्टेडियममध्ये जे कॅमेरे असतात, त्यांच्या हिशोबात वेगाचे कप्पे केलेले असतात. प्रचलित पद्धतीत ताशी १९.८ किलोमीटरच्या वर ‘वेगवान धाव’ आणि २५.२ च्या वर ‘स्प्रिंट’. मी एकदा कागद घेऊन या आकड्यांचे मैल केले. १९.८ च्या वेगानं सलग धावलं तर मैल होतो ४ मिनिटं ५३ सेकंदांत. म्हणजे फुटबॉल ज्याला वेगवान धाव म्हणतो, आणि जी सामन्यातल्या एकूण अंतराचा जेमतेम दहावा हिस्सा असते, तीच सलग पावणेपाच-पाच मिनिटं करायची आहे. आणि २५.२? त्या वेगानं मैल होतो ३:५० मध्ये. मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजनं ७ जुलै १९९९ ला रोममध्ये मैलाचा ३:४३.१३ चा विश्वविक्रम केला, त्याचा सरासरी वेग ताशी जवळजवळ २६ किलोमीटर. त्याच्या पाठीवर ते यंत्र बांधलं असतं, तर त्या मैलाचा बहुतेक भाग ‘स्प्रिंट’ म्हणून नोंदला गेला असता. बहुतेक फुटबॉलपटूंचं पूर्ण सामन्यातलं स्प्रिंटचं अंतर काही शे मीटर भरतं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी.

हे सांगितल्यावर भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण त्यांच्याकडे स्पीड किती आहे ते बघ ना!”

आहे, मान्य आहे. टॉटनमचा बचावपटू मिकी व्हान डे व्हेन २०२४ च्या जानेवारीत ताशी ३७.३८ किलोमीटरनं पळाला. तो एल गेरूजला शंभर मीटरमध्ये आरामात मागे टाकेल. पण वेगाच्या शिखराचा मैलाशी संबंध एका मर्यादेपर्यंतच असतो. उसेन बोल्टपेक्षा वेगवान माणूस जगानं पाहिलेला नाही, आणि त्याच्या एजंटनं सांगितलं होतं की बोल्ट आयुष्यात कधी एक मैल धावलेलाच नाही. (पुढे २०१८ मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रल कोस्ट मरीनर्सकडून फुटबॉल खेळून पाहायला गेला. तोही मार्ग चालला नाही, पण सराव सामन्यात दोन गोल मात्र केले.)

मैलाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग, ढोबळमानानं चार-पंचमांश, ऑक्सिजनच्या जोरावर येतो. म्हणून शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतं हे महत्त्वाचं. चांगल्या फुटबॉलपटूंचा हा आकडा साधारण ५५ ते ६५ मिलिलिटर असतो, अव्वल मध्यम पल्ल्याच्या धावपटूंचा सत्तरच्या पुढे. त्यात ‘दर किलो’ हे शब्द विसरायचे नाहीत. सेंटरबॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, हवेत खांद्याला खांदा भिडवायचा असतो, त्याला ऐंशी-पंचाऐंशी किलो वजन उपयोगाचं. मैल धावणाऱ्याला तेच वजन चारही फेऱ्या वाहावं लागतं. एल गेरूज साठ किलोंचाही नव्हता.

आणि मग तिसरी फेरी. पहिली फेरी कुणीही धावतं. दुसरीत पाय जड होतात, पण डोकं ठिकाणावर असतं. तिसरीत ना सुरुवातीचा ताजेपणा उरतो, ना शेवट दिसतो. मैल चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस रॉजर बॅनिस्टर. ६ मे १९५४, ऑक्सफर्डचा इफ्ली रोड ट्रॅक, ३:५९.४. त्या शर्यतीत त्याचे सोबती ब्रॅशर आणि चॅटवे त्याच्यासाठी वेग ठरवत पुढे धावत होते. तरीही त्याची तिसरी फेरी ६२ सेकंदांच्या पुढे गेली होती. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांनी एकदा मुलांची १५०० मीटरची वेळ घ्यायला आम्हा ट्रॅकवाल्यांना बोलावलं होतं. संघातला सगळ्यात वेगवान विंगर, म्हणजे कडेनं हल्ला चढवणारा खेळाडू, बंदुकीतून सुटल्यासारखा निघाला. पहिल्या फेरीनंतर तो इतका पुढे होता की मुलं शिट्ट्या मारायला लागली. तिसऱ्या फेरीत त्याचे खांदे कानांपर्यंत चढले, मूठ घट्ट वळली, आणि एक अबोल लेफ्टबॅक त्याच्या शेजारून असा निघून गेला जणू रस्ता ओलांडतोय. दम त्या विंगरमध्येही होता. पण थांबायची मुभा नाही अशा धावण्याची त्याला सवय नव्हती. व्यावसायिक खेळाडू त्याच्यापेक्षा कितीतरी तंदुरुस्त, हे खरंच. पण वेग कसा वाटून खर्च करायचा ही गोष्ट त्यांनाही कुणी शिकवलेली नसते, कारण त्यांच्या खेळात त्याची गरज नाही.

मग त्यातल्या त्यात चांगलं कोण धावेल? माझं बोट फुलबॅक (कडेचे बचावपटू) आणि मिडफिल्डरकडे जातं. इंग्लंडचा जेम्स मिलनर घ्या. लिव्हरपूलमध्ये हंगामापूर्वीची लॅक्टेट चाचणी व्हायची, म्हणजे दमताना रक्तात साचणारं लॅक्टेट मोजायचं. ठरलेल्या वेगानं धावायचं, मध्ये कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब द्यायचा, वेग वाढवायचा, जो शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. तिशी ओलांडल्यावरही मिलनर त्यात सगळ्यांना पुरून उरायचा. अशा माणसाला मी साडेचार ते पावणेपाच मिनिटं देईन. लुईस एन्रिकेचंही उदाहरण आहे, बार्सिलोनातून निवृत्त झाल्यावर त्यानं मॅरेथॉन तीन तासांच्या आत पूर्ण केली. ते इंजिन निराळं, मान्य. पण हाडाचा मिडफिल्डर सलग धावायला लागला की काय होतं याचा अंदाज त्यातून येतो.

रेफरींना मात्र कुणी या वादात घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. फिफाच्या पुरुष रेफरींच्या चाचणीत आधी स्प्रिंट असतात, आणि मग ७५ मीटर १५ सेकंदांत धावा, २५ मीटर चाला, असं चाळीस वेळा. धावण्याचा तो वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे मैलाला ५:२२. खेळाडूंपेक्षा वयानं दहा-पंधरा वर्षांनी मोठे असलेले हे लोक कदाचित निम्म्या संघाला मागे टाकतील.

तयारीला वेळ दिला तर? चार महिने चेंडू काढून घ्या, आठवड्याचं धावणं वाढवा, ४०० मीटरचे तुकडे ठराविक वेगानं करवून घ्या, थोडं वजन उतरू द्या. तीन-चार निवडक खेळाडू ४:२० पर्यंत येतील असं मला वाटतं. चार मिनिटांच्या आत कुणीही नाही. ती वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून वेगळ्या दिशेनं घडलेल्या शरीराची गोष्ट आहे. भावाला मी आणखी एक आकडा सांगितला, तो त्याला सगळ्यात जास्त झोंबला. केनियाच्या फेथ किप्येगॉनचा महिलांच्या मैलाचा विश्वविक्रम ४:०७.६४, मोनॅको, २०२३. आजच्या घडीला पुरुषांच्या कुठल्याही मोठ्या लीगमध्ये तिच्याबरोबर चौथ्या फेरीपर्यंत टिकेल असा खेळाडू मला दिसत नाही.

“मग तुझ्या त्या किप्येगॉनला विंगवर खेळव की,” तो म्हणाला. बरोबर आहे. थांबलेल्या अवस्थेतून पहिले पाच मीटर, अंगावर येणारा माणूस, डाव्या पायावर गर्रकन वळण, आणि हे सगळं सत्तराव्या मिनिटाला. मैल धावणाऱ्यांच्या मांड्यांचे मागचे स्नायू पहिल्याच अर्ध्या तासात बोलायला लागतील. मी स्वतः एकदा कॉलेजातल्या फुटबॉलवाल्या मुलींबरोबर सरावाला गेले होते, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

सध्या आमची पैज अशी लागली आहे. कुठल्यातरी क्लबनं हंगामापूर्वी, सामन्यांचा थकवा नसताना, ट्रॅकवर, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून, पुढे धावून वेग ठरवणारे पेसमेकर देऊन अख्ख्या संघाला मैल धावायला लावायचं आणि वेळा जाहीर करायच्या. भावाचा आकडा ४:१५, माझा ४:३८, तोही फक्त पहिल्या आलेल्याचा. उरलेल्यांचं काय, तर मी म्हणते क्रमात मधोमध आलेला खेळाडू पाच मिनिटांच्या बाहेर असेल. त्यावर पैज लावायला तो अजून तयार नाही.