गुलमर्गचा रिपोर्ट बघताना नुसते सेंटिमीटर मोजू नका

जानेवारी लागला की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतून कोणी ना कोणी गुलमर्गला निघतंच, आणि मी तिकडे स्कीइंग शिकलेय हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे मेसेज ठरलेला: "अगं, बर्फ किती पडलाय जरा बघून सांग ना." मी सांगतेच. पण सोबत वारा किती होता, वर टेंपरेचर काय होतं आणि हिमस्खलनाचा इशारा आहे का हेही पाठवते, आणि ते मात्र कोणीच वाचत नाही. म्हणून आज नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट म्हणजे फोनवरचं वेदर ॲप दाखवतं ते खालच्या गावाचं हवामान. गाव आहे साधारण 2,650 मीटरवर. गोंडोलाची (म्हणजे केबल कारची) फेज वन मधल्या कोंगडोरी स्टेशनपर्यंत जाते आणि फेज टू थेट अफरवटच्या डोंगरावर, जवळजवळ 3,950 मीटरला. हजार मीटर चढलं की तापमान ढोबळमानाने 6 अंशांनी उतरतं, म्हणजे खाली हॉटेलच्या दारात शून्य असेल तर वर उणे आठ, आणि वारा वेगळाच. खाली मुलं स्नोमॅन करत असतात तेव्हा वर वाऱ्यामुळे फेज टू बंद असते, मग "एवढं ऊन पडलंय आणि बंद काय" म्हणून लोक तिकीट खिडकीवर भांडतात. प्लीज भांडू नका.

आता मुख्य मुद्दा. यंदा बर्फ कमी आहे म्हणजे हिमस्खलनाचा धोका कमी, असं सगळ्यांना वाटतं आणि तिथेच घोळ होतो. बर्फाचा थर पातळ असला आणि वर कडाक्याची कोरडी थंडी असली (चिल्लई कलानचे 40 दिवस, 21 डिसेंबरपासून, ती हीच थंडी) तर जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास राहतो, वरचा प्रचंड गार होतो, आणि त्या फरकामुळे तळाचे कण मोठे, कोरडे, एकमेकांना न चिकटणारे होतात. मूठभर हातात घ्या, साखरेसारखे बोटांतून सुटतात. मग भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ (पाऊस-बर्फ आणणारी हवामान प्रणाली) येतो आणि या भुसभुशीत तळावर एका रात्रीत दोन फूट नवा बर्फ टाकतो. फोटो झकास येतात. पण तो सगळा नवा थर कशावर टेकलाय बघा!

असा थर किती पक्का आहे हे कसं तपासतात ते कोंगडोरीच्या वर आमच्या गाईडने करून दाखवलं होतं. फावड्याने खड्डा खणला, 30 बाय 30 सेंटिमीटरचा बर्फाचा खांब मोकळा केला, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि ठोकायला लागला, आधी मनगटातून 10 वेळा, मग कोपरातून 10, मग खांद्यातून 10. खांदा यायच्या आधीच वरचा ठोकळा सरळ रेषेत तुटून पुढे सरकला, अगदी सुरीने कापल्यासारखा. तो म्हणाला, आज उतारावर नाही जायचं, आणि आम्ही मुकाट मागे फिरलो. कितीही व्हिडिओ बघितले तरी ते तुटणं समोर बघितल्याशिवाय कळत नाही.

वाऱ्याचं तर कोणी धरतच नाही. एक फ्लेकही पडला नसला तरी वारा एका बाजूचा बर्फ उचलून डोंगरधारेच्या पलीकडे नेऊन घट्ट लादी करून ठेवतो. 30 ते 45 अंशांच्या उतारावर अशी लादी असली की एका माणसाचं वजनही पुरतं, बहुतेक अपघातांत हिमस्खलन सुरू करणारा तोच माणूस किंवा त्याच्याच ग्रुपमधला कोणीतरी असतो. चालताना खालून 'धप्प' असा आवाज आला किंवा स्कीच्या पुढून चीर पळत गेली तर तिथूनच परतायचं, चर्चा नाही.

आणि हे पुस्तकी नाहीये हो. 8 फेब्रुवारी 2010 ला गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला हिमस्खलनात आर्मीचे 17 जवान दगावले. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटच्या हापतखुद भागात दोन पोलिश स्कीअर. 22 फेब्रुवारी 2024 ला पुन्हा खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन, आणि त्याच वर्षी जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडं होतं, पेपरात तपकिरी उतारांचे फोटो येत होते ते आठवत असतील.

हिमस्खलनाचा इशारा देते चंदीगडची डीजीआरई (डीआरडीओची संशोधन संस्था), जिल्ह्याप्रमाणे आणि उंचीप्रमाणे. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, त्यामुळे बातमीत "बारामुल्ला, अमुक मीटरच्या वर" असं दिसलं तर ते आपल्यासाठीच आहे. युरोपात धोक्याचा पाच पायऱ्यांचा स्केल असतो आणि स्वित्झर्लंडमध्ये सगळ्यात जास्त माणसं दगावतात ती मधल्या, तीन नंबरच्या दिवशी, कारण चार-पाचला लोक आपणहून घरी बसतात. इशाऱ्यात 'मध्यम' वाचून निर्धास्त होणं मला म्हणूनच पटत नाही.

वहिनीचा ग्रुप पुढच्या आठवड्यात निघतोय. तिला सांगितलंय, गोंडोलाखालचा स्की पॅट्रोलने (उतारांच्या सुरक्षेची टीम) उघडलेला भाग सोडायचा नाही, आणि त्याच्या हद्दीच्या दोरीपलीकडे जायचंच असेल तर लोकल गाईड, प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, आणि ते वापरायची प्रॅक्टिस आदल्या दिवशी खालीच. गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत काढला तरच खरी आशा असते, रेस्क्यू टीम वर पोचेपर्यंत ती वेळ निघून जाते, तेव्हा शोधणारे आपणच. बर्फ थांबून लख्ख ऊन पडलं की पहिला दिवस खालीच काढा, कोंगडोरीला मस्त कहवा प्या. ती तिकडे असेपर्यंत मी रोज रात्री वारा, टेंपरेचर आणि इशारा ग्रुपवर टाकणार आहे, सेंटिमीटर सगळ्यात शेवटी.