लेन चार, तिसरा टर्न

चोवीस वर्षं सहकारी बँकेत कॅश आणि क्लिअरिंग सांभाळते आहे. अक्षरी आणि आकडी रक्कम जुळली नाही, की चेक परत. खाडाखोड दिसली, की चेक परत. आता तर शेजारी सही करूनही चालत नाही. लोक चिडतात, काउंटरवर हात आपटतात. मी रिटर्न मेमो भरते आणि पुढचा टोकन नंबर पुकारते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझी सगळ्यात जास्त नामुष्की इथेच आहे.

शनिवार-रविवारी, सुट्टी मिळेल तेव्हा, मी पांढरे कपडे घालून तलावाच्या काठावर उभी असते. जलतरणाची पंच. त्यातही टर्न जज, म्हणजे भिंतीशी वळताना नियम मोडतो का ते बघणारी. स्टार्टरला बंदूक असते, रेफरीला रुबाब असतो, टाइमकीपरला निदान घड्याळ असतं. टर्न जजकडे दोन डोळे आणि एक बॉलपेन. दिवसाचं मानधन सांगत नाही, येण्याजाण्यात अर्धं जातं. उरलेल्यात पोहे आणि तीन वेळा चहा.

ती स्पर्धा राज्य पातळीवरची होती. तलावाचं नाव आणि साल लिहीत नाही; त्या दोन मुली आता मोठ्या झाल्या असतील, त्यांना उगाच त्रास नको. मुलींची २०० मीटर बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं पोहायची शर्यत, फायनल. पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. आमची वेळ सकाळी साडेआठची, पण उद्घाटनाला येणारे पाहुणे साडेदहाला आले आणि दिवसभराचं वेळापत्रक तिथेच मोडलं. पाहुण्यांना पोहता येत नव्हतं, बोलता मात्र भरपूर येत होतं. त्यामुळे दुपारी एका शर्यतीचा निकाल लागायच्या आत दुसरीची मुलं ब्लॉकमागे उभी, असा प्रकार चालला होता.

मी टर्निंग एंडला, म्हणजे स्टार्टच्या समोरच्या टोकाला होते. नियमाने दर लेनला दोन्ही टोकांना एकेक निरीक्षक हवा. आमच्याकडे माणसं कधीच पुरत नाहीत. नवीन आलेल्यांना सर्टिफिकेट हवं असतं, ऊन नको असतं. म्हणून मला चार आणि पाच अशा दोन लेन दिल्या होत्या. पन्नास मीटरच्या तलावात २०० मीटरला तीन टर्न होतात. पहिला आणि तिसरा आमच्या टोकाला, मधला स्टार्टच्या बाजूला. हा आकडा लक्षात ठेवा.

बॅकस्ट्रोकचा टर्न हा माझा सगळ्यात लाडका विषय आहे, कारण मी स्वतः बॅकस्ट्रोकच पोहायचे. आमच्या वेळी उताणं असतानाच हात भिंतीला लागावा लागायचा, मग वळायचं. १९९१ मध्ये तो नियम बदलला. आता पोहणारी भिंतीजवळ पालथी होते, एका हाताचा एकच पुल मारते (म्हणजे हाताने पाणी मागे ओढते), त्याच ओघात कोलांटी घेते, पाय भिंतीला लावते आणि उताणीच सुटते. बघायला सोपं वाटतं. पण तिला भिंत दिसत नाही. तिला दिसतात त्या फक्त वर बांधलेल्या पताका, भिंतीपासून पाच मीटरवर. पताका डोळ्यांवरून गेल्या की ती हात मोजते: एक, दोन, तीन, आणि वळ. प्रत्येकीचा आकडा वेगळा, आणि तोही ताज्या दमाचा. दीडशे मीटरनंतर खांदे जड होतात, स्ट्रोक आखूड होतो, पण डोक्यातला आकडा तोच राहतो. मग ती वळते तेव्हा भिंत अजून लांब असते.

आणि तिथेच नियम मोडतो. पालथी झाल्यावर पुल ताबडतोब आणि सलग हवा, आणि त्यातूनच टर्न सुरू व्हायला हवा. पुल संपला, हात मांडीशी आला, आणि तरी ती पालथीच भिंतीकडे सरकत राहिली, तर डीक्यू, म्हणजे शर्यतीतून बाद. मी खांद्याकडे बघते, मग हाताकडे. डोक्याकडे बघायचं नसतं. डोकं कुठेही वळलं तरी नियमाला त्याचं काही नाही. नवीन पंच मात्र हमखास डोक्याकडे बघतात.

सकाळी पताकांचं अंतर मी स्वतः टेपने मोजलं होतं. दोन्ही टोकांना बरोबर पाच मीटर. दोरी सैल होती, ती ओढून घेतली. पुढे चार नंबरच्या कोचने पताका पुढेमागे असल्याचा मुद्दा काढला, तेव्हा निदान तो तरी उभा राहिला नाही.

चार नंबरची मुलगी त्या गटातली राणी होती. पाण्यात अशी पसरून पडायची, की बघणाऱ्याचाही श्वास सैल व्हावा. पहिला टर्न उत्तम. शंभरला दोन सेकंद पुढे. दीडशेला आली तेव्हा पाच नंबर बरीच मागे होती, त्यामुळे माझे दोन्ही डोळे चारवरच होते. लेनची दोरी शेवटच्या पाच मीटरला वेगळ्या रंगाची असते. त्यात शिरल्यावर तिने तीन हात मोजले आणि ती वळली. भिंत लांब होती. पुल मारला, हात मांडीशी आला. आता कोलांटी. नाही. अजून नाही. दोन किक मारल्या, पालथी सरकत आली, मग कोलांटी घेतली. मी मनात ‘एक’ म्हटलं आणि ‘दोन’ अर्धवट झालं, एवढा वेळ. मी हात वर केला.

टर्निंग एंडचे मुख्य निरीक्षक आले. ठरलेले प्रश्न: काय पाहिलंत, कुठे उभ्या होतात, कुठला नियम. तिन्हीची उत्तरं मी तोंडी चोख दिली. ते म्हणाले, “मॅडम, स्लिप द्या पटकन, पुढची रेस लागली.”

ती स्लिप म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, वहीच्या पानाचा चौथा हिस्सा. कारणासाठी एक ओळ. माझा हात ओला, कागद ओला. आधी चुकून लेन ५ लिहिलं, त्यावरच गिरवून ४ केलं. पुढे लिहिलं, “टर्न बरोबर नाही.” सही केली.

कितवा टर्न, काय चुकलं, कुठला नियम, काही नाही. ज्या बाईने त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्यांचा पेन्शनचा चेक खाडाखोडीसाठी परत केला होता, तिने हा कागद दिला.

निकाल जाहीर झाला. चार नंबर बाद. तिसरी आलेली सहा नंबरची मुलगी दुसरी झाली, म्हणजे तिची निवड झाली. आमच्या टोकाला बाकांजवळ तिचे वडील उभे होते. एका कानात बोट घालून ते फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होते, “अगं झालं, झालं सिलेक्शन, आईला सांग!” मुलीने कुणाचा तरी संघाचा ट्रॅकसूट अंगात चढवला होता, बाह्या हातावरून खाली येत होत्या. पदकासाठी ती रांगेत उभीही राहिली.

प्रोटेस्ट अर्ध्या तासाच्या आत द्यावा लागतो. तो आला. ज्युरी बसली. मला बोलावणं आलं तेव्हा मुलांची १५०० मीटर सुरू होती आणि माझ्या हातात लॅपच्या पाट्या होत्या. या शर्यतीत पोहणाऱ्याला किती लांब्या उरल्या हे टर्निंग एंडची माणसं दाखवतात. पाटी चुकली तर पोरगं पन्नास मीटर आधी थांबतं. मी निरोप पाठवला, रेस संपली की येते. बदली माणूस कुणी दिला नाही. रेस संपायला अठरा मिनिटं लागली. मी गेले तेव्हा ज्युरी उठली होती.

त्यांचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं: स्लिपवर कितवा टर्न ते नाही, काय चुकलं ते नाही, लेनच्या आकड्यावर गिरवलेलं आहे, संशयाचा फायदा खेळाडूला. चार नंबर पुन्हा पहिली. सहा नंबर पुन्हा तिसरी.

त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

रात्री एसटीत बसल्यावर एरन पिअरसोल आठवला. आम्हा पंचांच्या क्लिनिकमध्ये, म्हणजे प्रशिक्षण वर्गात, त्याचं नाव विनोदासारखं घेतात: “स्लिप नीट लिहा, नाहीतर पिअरसोल होईल.” २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बॅकस्ट्रोकची फायनल या अमेरिकन पोराने १:५४.९५ मध्ये जिंकली. दुसरा आलेला ऑस्ट्रियाचा मार्कस रोगान जवळपास अडीच सेकंद मागे होता. एवढ्या फरकाने ऑलिंपिक फायनल जिंकणं म्हणजे बाकीचे दुसऱ्याच तलावात पोहत होते म्हणायचं. तरी फलकावर त्याच्या नावापुढे डीक्यू आलं. टर्न जजने टर्न नियमबाह्य ठरवला होता. मग सुमारे अर्ध्या तासाने निर्णय फिरला. कारण काय, तर स्लिपवर लिहिलेलं कारण पुरेसं नव्हतं आणि ते फिना या जागतिक जलतरण संघटनेच्या कामकाजाच्या भाषेतही नव्हतं. ऑस्ट्रिया आणि ब्रिटनने हरकत घेतली, ती टिकली नाही.

टर्न बरोबर होता की चूक, यावर निर्णय झालाच नाही. कागदावर झाला.

आमच्याकडे तर भाषेचाही प्रश्न नव्हता. मी मराठीत लिहिलं, ज्युरीने मराठीत वाचलं. मराठीतच अपुरं होतं.

पिअरसोलबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही, उलट आहे ते कौतुकच. सिडनीला सतराव्या वर्षी रौप्य, अथेन्सला तीन सुवर्ण, बीजिंगला १०० मीटरचं सुवर्ण पुन्हा. २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत त्याने जे केलं ते तर मी पोरांना नेहमी सांगते. त्याच महिन्यात त्याने १०० मीटरचा विश्वविक्रम ५१.९४ वर नेला होता. आणि रोमला उपांत्य फेरीत अंदाज चुकला, आरामात पोहला आणि फायनललाच पोहोचला नाही. चारच दिवसांनी २०० मीटरमध्ये १:५१.९२, विश्वविक्रम. वेग वाढवणाऱ्या पॉलियुरेथिनच्या पोहण्याच्या कपड्यांचा तो जमाना होता हे खरं, पण ते कपडे इतरांनीही घातले होते. मी हे लिहिते आहे तोवर तो विक्रम कुणी मोडलेला नाही.

गंमत अशी, की अथेन्सलाच, त्या शर्यतीच्या काही दिवस आधी, हाच पिअरसोल जपानच्या किताजिमावर तुटून पडला होता. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये किताजिमाने बेकायदा डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली) मारली आणि पंचांना ती दिसली नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे पंचांनी बघावं, पण दुसऱ्याच्या लेनमध्ये. आमच्या गॅलरीत स्टॉपवॉच घेऊन बसलेले पालकही याच पंथाचे.

एवढी कारकीर्द झाल्यावर त्या अर्ध्या तासाचं काय राहिलं? पिअरसोलच्या गोष्टीतला एक किस्सा. पण त्या निकालात चौथा आलेला ब्रिटनचा जेम्स गोडार्ड होता. डीक्यू लागल्यावर तो तिसरा झाला आणि नंतर पुन्हा चौथा. ऑलिंपिक पदक अर्धा तास हातात आलं आणि गेलं. क्लिनिकमध्ये विनोद सांगताना त्याचं नाव कुणी घेत नाही. मीही आजवर घेतलं नव्हतं.

सहा नंबरच्या वडिलांनी मला गेटवर गाठलं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, “मॅडम, एकच विचारतो. झालं होतं ना तसं?”

मी म्हटलं, “हो. मी पाहिलं.”

“मग झालं,” म्हणाले आणि गाडीकडे गेले. मुलगी आधीच मागच्या सीटवर टॉवेल डोक्यावर ओढून बसली होती. ट्रॅकसूट ज्याचा त्याला परत गेला होता.

त्यांना तेव्हा ठामपणे ‘हो’ म्हटलं ते बरोबरच होतं. पण नंतर हे इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय, की आता डोळे मिटले की टर्न दिसत नाही, माझंच सांगणं ऐकू येतं. हात मांडीशी आला होता की कमरेशी? किक दोन होत्या की एक लांब? काठावर उभी असताना हे प्रश्न नव्हते. कागदावर तेव्हाच लिहिलं असतं तर आजही नसते.

आता स्लिपची वही मी स्वतः छापून नेते. वेगळे रकाने केलेत: कितवा टर्न, खांदा, हात, पाय. पेन कोरडं राहावं म्हणून गळ्यात दोरीला. एका आयोजकांनी विचारलं, “बँकेतलं आहे का हे?” एका अर्थाने आहेच.

काही महिन्यांनी एका जुन्या सहकाऱ्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. चार नंबरच्या घरच्यांपैकी कुणीतरी आठव्या लेनच्या बाजूच्या गॅलरीतून मोबाइलवर घेतलेला. मी तो फार वेळा पाहिला, किती ते सांगायची लाज वाटते. काही कळत नाही. तिसऱ्या टर्नला मध्ये दोऱ्या येतात, पाणी उडतं, आणि फोन धरणारा नेमका त्याच वेळी ओरडतो, त्यामुळे चित्र हलतं. चार नंबर भिंतीपासून सुटून पाण्याखाली जाते आणि फोन ती वर यायची वाट बघत तिथेच थांबतो.

तेवढ्यात फ्रेममध्ये पुढच्या बाजूने सहा नंबर येते. पताका, एक, दोन, तीन, चार, वळली, पुल, आणि हात खाली यायच्या आत कोलांटी सुरू. पाय भिंतीला, उताणी, गेली. इतका स्वच्छ टर्न त्या दिवशी मी दुसरा पाहिला नाही. तोही पाहिला नव्हता; ती माझी लेन नव्हती.