इजिप्तचं मांजर आमच्या सीटीवर

आमच्या सीटी स्कॅन मशीनचं सॉफ्टवेअर जन्मतारखेशिवाय पेशंट घेतच नाही, आणि ख्रिस्तपूर्व तारीख त्याला पटत नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी, यादी संपल्यावर, इजिप्तच्या मांजराच्या ममीची नोंद १ जानेवारी १९०० ला झाली.

मी इंग्लंडात रेडिओग्राफर आहे, म्हणजे एक्स-रे, सीटी काढणं हे माझं काम. ममी जवळच्या एका म्युझियमची. हातभर लांब, लिननच्या दुरंगी पट्ट्यांची चौकडी विणलेली, वर शाईने काढलेले डोळे. मूळ ठिकाण बुबास्टिस, म्हणजे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं बास्टेट देवीचं गाव. बास्टेट आधी सिंहीण, पुढे मांजर झाली. तिच्या मूर्तींच्या पायाशी पिल्लंही दिसतात. तिच्या जत्रेत वर्षभरातली सगळ्यात जास्त दारू संपते, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलंय. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, तशी तिथे मांजराची ममी विकत घेऊन वाहायची. मागणी इतकी की मुद्दाम मांजरं पाळून पिल्लं मारत. मँचेस्टरच्या संशोधकांनी ८०० हून जास्त प्राण्यांच्या ममी तपासल्या, तर जवळजवळ एक तृतीयांशांत हाडच नव्हतं. त्यामुळे आत काही आहे का, इथूनच आमची सुरुवात.

होतं. मेलेल्याला किरणांच्या डोसची चिंता नाही, त्यामुळे लहान बाळाला स्वप्नातही देणार नाही एवढा एक्स-रेचा करंट लावला, ०.६ मिमीच्या स्लाइस, म्हणजे पातळ कापांची चित्रं, घेतल्या. वाळलेल्या अंगात पाणी नसतं, चित्रातला काळा-पांढरा फरक ठरवणाऱ्या रोजच्या सेटिंग, म्हणजे विंडो, तिथे कुचकामी. प्रत्येक थरासाठी हाताने जुळवत बसावं लागलं. दुधाचे दात, लांब हाडांची टोकं न जुळलेली. काही महिन्यांचं पिल्लू. आणि मानेचा पहिला मणका दुसऱ्यावरून सरकलेला.

सोबत आलेले पशुवैद्य म्हणाले, "मान पिरगळलीय." असेलही. ब्रिटिश म्युझियमच्या ममींवर १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बहुतेक मांजरं कोवळीच निघाली होती. पण पट्ट्या आवळून निमुळती बाहुली करायची तर डोकं दाबावंच लागत असणार. मणका मरताना सरकला की मेल्यावर? हाड जुळून येण्याची खूण नाही, एवढ्यावरून हे ठरत नाही.

म्युझियमच्या प्रसिद्धीवाल्या बाईंना मात्र फिरणारं थ्रीडी चित्रच हवं होतं. साध्या स्लाइस कुणी बघत नाही, ही आमची जुनी रड. थ्रीडीत थ्रेशोल्ड, म्हणजे किती घट्ट भाग दाखवायचा ती मर्यादा, जरासा वर सरकवला की पिल्लाची अर्धवट हाडं गायब होतात. मणक्याची पातळ कमान गेली आणि दोन मिलिमीटरची फट खिंडार दिसायला लागली. मी त्यांना तिथल्या तिथे दोन्ही दाखवलं. त्यांनी खिंडार निवडलं.

फलकावर आता "देवीसाठी बळी" असं मोठ्या अक्षरांत आहे. माझ्या रिपोर्टचं पहिलं वाक्य छापलंय. "केव्हा सरकला हे सांगता येत नाही" हे दुसरं गाळलंय. १८९० साली लिव्हरपूलला सुमारे १९ टन मांजरांच्या ममी उतरवून खत म्हणून विकल्या, त्यावर त्या दालनात एक ओळ नाही.

पुढच्या महिन्यात त्यांना आणखी एक पुडकं स्कॅन करून हवंय. रिपोर्ट पूर्ण छापणार असाल तरच स्कॅनचं टेबल मिळेल, असं मी कळवलंय. उत्तर आलेलं नाही.