जावा-बाली सहल : प्रोबोलिंगोला गाडीतून बॅगा उतरवण्याआधी वाचा

इंडोनेशियाला निघालेल्या सातारकरांनी बाकी काही लक्षात नाही ठेवलं तरी चालेल, पण प्रोबोलिंगो हे गाव ठेवा. पूर्व जावातलं साधंसुधं बंदराचं गाव. बघण्यासारखं काही नाही. पण ब्रोमो ज्वालामुखीकडे जाणारे बरेच प्रवासी इथूनच वर चढतात आणि हे गावातल्या काही लोकांना फार चांगलं ठाऊक आहे.

आमची सहल पुण्याच्या एका एजंटने "खास तुमच्यासाठी" आखून दिली होती. मी, बायको, बहीण आणि दाजी. पहिला कागद आला त्यात सुमात्रातलं टोबा सरोवर, जावा, बाली, कोमोडो आणि शेवटी पापुआकडचं राजा अंपात, एवढं सगळं एका सुट्टीत बसवलेलं. सतरा हजारांवर बेटांचा देश, पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत पाच हजार किलोमीटर, तीन वेगवेगळ्या प्रमाणवेळा. मी फोन केला तर म्हणाला, "सर, सगळ्या दोन-दोन तासांच्या फ्लाइट आहेत." विमानतळावर जायला, थांबायला, बॅगा घ्यायला लागणारा वेळ याच्या हिशेबातच नाही. पोवई नाक्यावर चहा पिता पिता टोबा, कोमोडो आणि राजा अंपात पेनाने खोडले. उरलं जावा आणि बाली. तेही जमिनीवरून, जावातल्या जोग्जा शहरापासून पूर्वेकडे सरकत, शेवटी फेरी बोटीने बालीत. एवढा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. पहिल्यांदा जात असाल तर दोन बेटं घ्या, तिसरं नको.

आता त्या कागदावरची एक ओळ : "योग्यकर्ता ते ब्रोमो, अर्धा दिवस, आरामदायी प्रवास."

जोग्जा म्हणजे योग्यकर्ता. तिथून ब्रोमोच्या पायथ्याचं चेमोरो लावांग हे गाव रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास. मधे टोल रोड आहे, पण जोग्जातून बाहेर पडणं आणि शेवटचा घाट यात दिवस जातो. खासगी गाडी सांगितली होती, आली ती दुसऱ्या पाहुण्यांनी भरलेली व्हॅन. मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला. सकाळी निघालो आणि प्रोबोलिंगोत पोचलो तेव्हा दिवे लागून गेले होते.

व्हॅन स्टेशनलाही थांबली नाही आणि बस टर्मिनललाही नाही. थांबली एका "टुरिस्ट इन्फर्मेशन" पाटीच्या दुकानासमोर. आत ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर जावाचा नकाशा आणि टेबलावर लॅमिनेट केलेलं दरपत्रक. दरपत्रकाचा कोपरा उकललेला होता आणि त्याखाली जुन्या दराचं स्टिकर दिसत होतं, निम्म्या आकड्याचं. आमच्या बॅगा कोणी न सांगताच टपावरून खाली आल्या. मग ते सुरू झालं. वर जाणारी शेवटची गाडी गेली. उद्या जीप मिळणार नाही. पुढच्या इजेन ज्वालामुखीला आमच्याकडून पॅकेज घेतल्याशिवाय जाता येत नाही. बालीची फेरी फुल्ल आहे. शेवटचं तर धादांत खोटं. जावातलं केतापांग ते बालीतलं गिलिमानुक ही फेरी रात्रंदिवस चालते.

दाजी सहकारी बँकेत वसुलीला होते. त्यांनी एकदा माणसाकडे बघितलं, एकदा बॅगांकडे. "पावणं, बॅगा उतरवायला कुणी सांगितलंवतं?" मी म्हटलं, "दाजी, कुणीच नाही." "मग बसा," म्हणाले, आणि खुर्ची ओढून जे बसले ते बसलेच. ना वाद, ना पैसे. तो माणूस तासभर येत-जात राहिला, दर वेळी पॅकेज थोडं स्वस्त होत गेलं. शेवटी एक हिरवी मिनीबस "सापडली". पण तिथेही मेख. ही मिनीबस सगळ्या सीट भरल्याशिवाय हलत नाही, हलवायची तर रिकाम्या सीटचे पैसे तुम्ही भरायचे. रात्री वर जाणारे आम्ही चौघेच. भरले. एजंटला मेसेज टाकला तर त्याचं उत्तर, "सर, लोकल प्रॉब्लेम आहे."

म्हणून स्पष्ट सांगतो. जोग्जाहून ब्रोमोला रस्त्याने जाऊ नका, कोणी कितीही चांगली गाडी दिली तरी. रेल्वेने जा. लेम्पुयांगन स्टेशनवरून श्री तांजुंग नावाची गाडी सकाळी निघते, प्रोबोलिंगोवरून जाते आणि थेट केतापांगला, म्हणजे फेरीच्या धक्क्यापाशी संपते. साधा वर्ग आहे, पाठी सरळ, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा, पण गाडी वेळेवर चालते आणि अंधार पडायच्या आत तुम्ही प्रोबोलिंगोत असता. तिकिटं 45 दिवस आधी खुली होतात, रेल्वेच्या स्वतःच्या अ‍ॅपवर. चेमोरो लावांगच्या हॉटेलवाल्यालाच गाडी पाठवायला सांगा, भाडं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, आणि स्टेशनबाहेर "मिस्टर, ब्रोमो?" म्हणणाऱ्यांकडे मान वर करूनही बघू नका. मुख्य म्हणजे गाडी कुठल्याही दुकानासमोर थांबली तर खाली उतरू नका. बॅगा उतरल्या की भाव त्यांचा.

ब्रोमोबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. पनंजाकन पॉइंटवरचा प्रसिद्ध सूर्योदय मला पैसे वाया गेल्यासारखा वाटला. पहाटे तीनला उठून जीपमध्ये बसायचं, वर शेकडो जीपची रांग, शेवटचा तुकडा चालतच जायचा आणि पुढच्याच्या मोबाइलच्या स्क्रीनमध्ये सूर्य बघायचा. त्यापेक्षा चेमोरो लावांगमधूनच सेरुनी पॉइंटकडे पायी चढा, जीप लागत नाही. ज्यांनी वासोटा केलाय त्यांना ही चढण काही नाही. थंडी मात्र हसण्यावारी नेऊ नका. गाव दोन हजार मीटरच्या वर आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो. उष्ण कटिबंधातला देश म्हणून आम्ही सगळे टी-शर्टवर होतो, बायकोने हॉटेलचं ब्लँकेटच गुंडाळून नेलं.

सूर्योदयाची गर्दी पांगल्यावर खाली वाळूच्या समुद्रात उतरा. तो भाग खरा. करडी राख, मधोमध तेंगेर लोकांचं पुरा लुहुर पोतेन हे मंदिर, पुढे पायऱ्या आणि वर 2,329 मीटरवर धुमसणारं तोंड. हे तेंगेर लोक हिंदू आहेत, कसाडा सणाला इथे येऊन भाजीपाला, कोंबड्या ज्वालामुखीत अर्पण करतात. तोंडाच्या काठावर गणपतीची छोटी मूर्ती आहे. माझी बहीण तिथे उदबत्तीसाठी पिशवी चाचपत राहिली. मागे गंधकाचा धूर आणि वारा, उदबत्ती काही पेटली नाही.

एजंटच्या कागदावर यापुढे काय होतं? ब्रोमोवरून सकाळी दहाला निघून संध्याकाळपर्यंत इजेनचा पायथा, आणि त्याच रात्री बाराला उठून इजेनची चढाई. म्हणजे सलग दोन रात्री झोप नाही, मधे दिवसभर गाडी. जवळपास सगळी पॅकेजं अशीच असतात, कारण त्यात एक मुक्काम वाचतो. मुक्काम त्यांचा वाचतो, हाल तुमचे होतात. मधे इजेनजवळच्या बान्युवांगी शहरात एक अख्खा दिवस झोपून काढा, हा माझा सर्वांत पक्का सल्ला. आम्ही काढला नाही, आणि इजेनवर दाजी एका दगडाला टेकून उभ्या उभ्या झोपलेले मी स्वतः पाहिलेत.

इजेनसाठी आरोग्य दाखला लागतो. कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. रात्री नऊला ड्रायव्हरने एका छोट्या दवाखान्यासमोर गाडी उभी केली, तिथे रक्तदाब, नाडी बघून शिक्का मारून दिला. चार मिनिटं लागली, पण दवाखाना बंद असता तर गेटवरूनच परत. "सगळं समाविष्ट" म्हणून सांगितलेल्या सहलीत गॅस मास्क, वाटाड्या आणि हा दाखला, तिन्ही वेगळे निघाले. पैसे भरण्याआधी एजंटकडून या तीन गोष्टी नावानिशी लिहून घ्या.

पाल्तुडिंगच्या गेटवरून कड्यापर्यंत तीन किलोमीटर. पहिला अर्धा भाग सरळ छातीवरचा, पायाखाली सैल राख. रोज सकाळी अजिंक्यतारा करणाऱ्याला दम लागेल, पण अडचण नाही. ज्यांचं जिन्याशीच वाकडं आहे त्यांनी यावंच कशाला? वाटेत "टॅक्सी, टॅक्सी" ओरडत माणसं येतात. टॅक्सी म्हणजे दोन चाकांचा हातगाडा, दोघे ओढतात, एक ढकलतो. वर जाण्याचा भाव ऐकून चढण सोपी वाटायला लागते. ओढणाऱ्यांत पूर्वी गंधक वाहणारेच बरेच आहेत, त्यामुळे घासाघीस करायला माझी जीभ उचलली नाही.

गंधक जळताना दिसणारी निळी ज्वाला बघायला विवरात उतरायचं का? नाही. कड्यावरून खाली खडकाळ पायवाट आहे, अंधारात, समोरून लोक वर येतायत आणि वारा फिरला की गंधकाचा ढग थेट अंगावर. माझ्या मास्कचा रबरी पट्टा तुटका होता, दोरीने बांधला होता, आणि आतून आधीच्या कोणाच्या तरी घामाचा वास येत होता. डोळ्यांत आग, घशात आग. आणि ज्वाला? फोटोत दिसते ती कॅमेऱ्याने बराच वेळ शटर उघडं ठेवून घेतलेली. डोळ्यांना दगडांमधून सरकणारी लहानशी निळसर जीभ दिसते. तेवढ्यासाठी फुप्फुसं पणाला लावू नका.

पण उजाडल्यावर सरोवर बघा, त्याला तोड नाही. हिरवट निळा रंग, वर वाफ, आणि ते पाणी म्हणजे तीव्र आम्ल. अशा आम्लधर्मी सरोवरांमध्ये जगात सर्वांत मोठं हेच. सगळा थकवा, प्रोबोलिंगोचा राग, एजंट, सगळं तिथे पाच मिनिटं विसरलो. तेवढ्यात बांबूच्या दोन टोपल्या करकरत शेजारून गेल्या. गंधकाची पिवळीधमक ढेकळं, एका खेपेला सत्तर-ऐंशी किलो, माणूस अंगाने माझ्या निम्मा. टोपली खांद्यावर बदलताना त्याच्या खांद्यावरचा घट्टा दिसला. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा आणि काहीतरी द्या.

खाण्याचं. दाजी माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. जावात भात, तोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) सगळीकडे मिळतं आणि तेंपे चांगलं असतं. धोका आहे तेरासीचा, म्हणजे कोळंबीच्या खाऱ्या लगद्याचा. मिरचीच्या सांबलमध्ये तो हमखास असतो, आणि ताटाच्या कडेला ठेवलेला पापडही बहुधा कोळंबीचाच. "तान्पा तेरासी", म्हणजे तेरासीशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा. गाडो-गाडो या भाज्यांच्या पदार्थावर शेंगदाण्याची दाट चटणी असते, ती बघून दाजींचा चेहरा खुलला, पण तीसुद्धा विचारूनच खावी. घरून भडंग आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती इजेनच्या आधीच संपली. दुप्पट न्या.

बोरोबुदुर आणि प्रंबानन ही दोन प्राचीन मंदिरं चांगली आहेत, जोग्जातून दोन्ही आरामात होतात. बोरोबुदुरच्या वर चढायचं तिकीट वेगळं, माणसं मर्यादित आणि वेळ ठरलेली. आधी काढा, नाहीतर आवारातूनच परत याल. सोमवारी वर सोडत नाहीत. प्रंबाननच्या भिंतींवर अख्खं रामायण कोरलंय.

कधी जायचं? आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिकडे कोरडं. मे ते सप्टेंबर उत्तम, त्यातही मे आणि जून. जुलै-ऑगस्टला युरोपातले लोक लोटतात. रमजान ईदेच्या आसपास जावाच्या रेल्वेचं तिकीट विसरा, सगळं जावा गावाकडे निघालेलं असतं. आणि पाडव्याच्या सुट्टीत बाली धरू नका. तिथे बहुतेक वर्षी तेव्हाच न्येपी असते, त्यांचं शकाचं नववर्ष. शक आपल्यासारखंच, 2026 ला 1948 लागतं. त्या दिवशी बालीत रस्त्यावर पाऊल टाकता येत नाही, विमानतळ बंद, फेरी बंद, रात्री दिवेसुद्धा नाहीत. 2026 मध्ये पाडवा, न्येपी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. त्या आठवड्याचं पॅकेज कोणी स्वस्तात देत असेल तर का ते कळलं असेल.

फेरी तासाभराची, स्वस्त, डेकवर बसून जा. फक्त बालीचं घड्याळ जावापेक्षा एक तास पुढे आहे, हे एजंटच्या कागदाला माहीत नव्हतं. शिवाय गिलिमानुकला उतरलं म्हणजे बाली झालं असं नाही. तिथून उबुड, डेन्पसार अजून तीन-चार तास, ट्रकच्या मागे रांगत. दुपारच्या आत फेरी घ्या, नाहीतर हॉटेलवर जेवणही मिळत नाही. उबुडचे दिवस मजेत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पैशांचं : एक लाख रुपियाची नोट म्हणजे आपले पाचशेच्या थोडं वर. तीन शून्यं पुसायची आणि पाचाने गुणायचं, दुकानात तेवढं पुरतं. एक शून्य चुकवून देणारे दुकानदार भेटतील, चुकून जास्त परत देणारा कोणी भेटत नाही. यूपीआयच्या भरवशावर राहू नका, रोख ठेवा. व्हिसा पोचल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवस. ऑनलाइन काढून गेलात तर खिडकीवरची रांग वाचते. एजंट याचे वेगळे पैसे लावतो, लावू देऊ नका, फॉर्म पंधरा मिनिटांचा आहे. बालीसाठी प्रत्येकी दीड लाख रुपियाचा वेगळा पर्यटक कर आहे, फेब्रुवारी 2024 पासून. तोही निघण्याआधी भरा आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवा. फेरीने येणाऱ्यालाही तो लागतो.