छताखालची बादली

मागच्या महिन्यात काकांशी व्हिडिओ कॉल झाला. इकडे रात्रीचे साडेबारा, तिकडे सांगलीत हरभट रोडवर काकांचं कापडाचं दुकान उघडायची वेळ. काकांच्या मागे दुकानात काम करणारे तात्या पायरीवर पाणी शिंपडताना दिसत होते. काकांनी विचारलं, "तुझं ते दुकान बंद पडलं म्हणे. एवढं दोन मजली दुकान बुडतं कसं गं?" तेवढ्यात भवानीचं गिऱ्हाईक आलं आणि आमचं बोलणं अर्धवट राहिलं. काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न मला घरच्या बऱ्याच जणांनी विचारलाय.

मी अमेरिकेत डेट्रॉइटजवळ ट्रॉय नावाच्या गावात राहते. नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा मला इथे काम करायची परवानगी नव्हती. २०१५ साली नियम बदलला आणि ज्यांचं ग्रीन कार्डाचं प्रकरण बरंच पुढे सरकलं होतं, त्यांच्या नवऱ्या-बायकोला वर्क परमिट मिळू लागलं. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्या मी काकांच्या गल्ल्यावर काढलेल्या, त्यामुळे नोकरीही दुकानातच शोधली. कंपनीचं नाव लिहीत नाही. कपडे, बूट, चादरी, भांडी विकणारी जुनी साखळी होती आणि आमची शाखा एका मॉलच्या टोकाला होती, एवढं पुरे.

कामाला लागल्यावर वर्षभरात पुरुषांच्या शर्टांच्या विभागात छत गळायला लागलं. खाली एक निळी बादली ठेवली आणि शेजारी 'ओली फरशी' लिहिलेली पिवळी पाटी. आमच्या मॅनेजरबाईंनी दुरुस्तीची तक्रार नोंदवली. एक माणूस आला, मोबाइलवर फोटो काढले, मुख्य कार्यालयाची मंजुरी लागेल म्हणाला आणि गेला. चार महिने कुणी फिरकलं नाही. छतावरचा डाग आधी ताटलीएवढा होता, तो परातीएवढा झाला. बादली रिकामी करायची पाळी आम्ही आपसात लावून घेतली होती. पाऊस असला की दर दोन तासांनी, बर्फ वितळायला लागलं की त्याहून लवकर.

पुढे सरकता जिना बंद पडला. मग विजेचं बिल वाचवायला एक आड एक ट्यूब काढून टाकली. गालिचा फाटला तिथे चंदेरी चिकटपट्टी लावली, ती ट्रॉलीच्या चाकाला चिकटून निघायची, की पुन्हा लावायची. हे सगळं गिऱ्हाइकाला दिसतं, आणि ते समोर जो उभा असेल त्यालाच बोलतं. "तुम्हा लोकांना काही पडलेलीच नाही," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! त्या प्रत्येक वेळी जिवाला लागलं, कारण आम्हाला पडलेली होती.

दुकान बंद व्हायच्या आधीच्या आवराआवरीला इथे रिकव्हरी म्हणतात. विस्कटलेले कपडे घड्या घालून जागेवर ठेवायचे, फिटिंग रूममधले हँगरला लावायचे, फळीवरचा माल पुढे ओढून घ्यायचा. मी लागले तेव्हा आमच्या मजल्यावर या कामाला सहा जणं होती, शेवटी दोघी उरलो. माझे आठवड्याचे २८ तास होते ते १४ वर आले. तास कापले की गल्ला उघडा ठेवावाच लागतो, त्यामुळे पहिल्यांदा जाते ती झाडलोट. धूळ साचते, मापं एकमेकांत मिसळतात. गिऱ्हाईक हवं ते माप मिळालं नाही म्हणून परत जातं, विक्री घटते आणि पुढच्या आठवड्यात तास आणखी कापले जातात. वरच्यांना विक्रीचा आकडा दिसतो, मिसळलेली मापं दिसत नाहीत.

माझ्याबरोबर एक सत्तरीच्या आसपासची बाई होती. त्याच शाखेत ३१ वर्षं काढलेली. कापडावरचे केस काढायचा चिकट रोलर आणि एक लहान स्क्रू ड्रायव्हर तिच्या खिशात कायम असायचा. काच पुसायचं पाणी कंपनीकडून यायचं बंद झालं, तेव्हा तिने स्वतःच्या पैशाने बाटली आणली. रोज सकाळी दार उघडायच्या आधी ती फिटिंग रूमचे आठही आरसे पुसायची. माणसाला नवा कपडा डागाळलेल्या आरशात बघायला लावू नये, असं म्हणायची.

एके दिवशी ब्रेक रूममध्ये मोठा टीव्ही लागला. कुणी गिऱ्हाइकांकडून स्टोअर कार्डाचे, म्हणजे दुकानाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डाचे, किती अर्ज भरून घेतले, ते नावानिशी त्यावर दिसायचं. तिचं नाव तळाला होतं. टीव्हीला पैसे होते, छताला नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तिने ती बाटली आणली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांनीच हात सोडलाय. मी एकटीने किती धरून ठेवू?" काका, दुकान कधी बुडालं विचाराल तर माझ्या लेखी त्या सकाळी बुडालं. दुकान बंद होत असल्याची पाटी लागायला पुढे तीन वर्षं गेली.

आमच्या गावात तर याचा मोठा धडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. के-मार्ट या मोठ्या दुकान-साखळीचं मुख्यालय ट्रॉयमध्ये होतं. पहिलं के-मार्ट १९६२ साली इथून जवळच्या गार्डन सिटीत उघडलं. २००५ मध्ये के-मार्ट आणि सीअर्स ही दुसरी जुनी साखळी एकत्र आले, कारभार शिकागोकडे गेला आणि ती भली थोरली इमारत ओस पडली. पुढच्या काही वर्षांत त्या एकत्रित कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला पाच अब्ज डॉलरच्या वर पैसे घातले आणि दुकानं मात्र जुनाट होत गेली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरी. इंटरनेटने दुकानं मारली असं सरसकट म्हणतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. सर्किट सिटी या टीव्ही-कॉम्प्युटर विकणाऱ्या साखळीने २००७ मध्ये ३,४०० विक्रेते पगार जास्त आहे म्हणून एका फटक्यात काढले. म्हणजे ज्यांना मालाची माहिती होती तेच गेले. दीड वर्षात दिवाळखोरी आली आणि २००९ मध्ये सगळी दुकानं बंद झाली.

२०१९ च्या महापुरात मी सुट्टीवर सांगलीतच होते. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. ओसरल्यावर शटर उचललं तर गुडघाभर गाळ, आणि भिजलेल्या ठाणांचा असा वास की श्वास घेववेना. काका, तात्या, दोन्ही पोरं आणि मी, पाच दिवस खराटा-फावडं घेऊन गाळ उपसत होतो. माल यायला अजून महिना होता, पण काकांनी आधी वायरमन बोलावला आणि भिंतींना चुना मारून घेतला. दुकान बंद होतं त्या काळातला पगार त्यांनी सगळ्यांना दिला. तात्या त्या रिकाम्या दुकानातही रोज फडकं मारायचे. तेव्हा मला ते फक्त चांगलं वाटलं होतं. त्याचा अर्थ मला इथे, बादली ओतताना कळला.

काकांनी वाईट वाटून घेऊ नये, पण आपल्याकडचंही एक सांगायला हवं. आपल्या पेठेतल्या दुकानांत मुली दहा-दहा तास उभ्या असतात आणि स्टूल मागायची सोय नसते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणारा कायदा केला. त्यासाठी कायदाच कशाला लागतो? काका, दोन स्टुलं आजच आणा.

आमची शाखा गेल्या वर्षी बंद झाली. लिक्विडेशनवाले, म्हणजे बंद पडलेल्या दुकानातलं सगळं विकून टाकणारे, बाहेरून आले, पिवळ्या-काळ्या पाट्या टांगल्या, आधी माल विकला, मग फळ्या, मग कपडे घालायचे पुतळेसुद्धा. त्या दिवसांत दुकानात जेवढी गर्दी झाली तेवढी मी तिथे कधी पाहिली नव्हती. आठ आरशांतले सहा कुणीतरी भिंतीवरून काढून विकत नेले.

"हिशेब काय दिला मग?" हा काकांचा पुढचा प्रश्न असणार. मला काही मिळालं नाही, तास कमी असलेल्यांना मिळतच नाही. ३१ वर्षांच्या त्या बाईलाही शेवटचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे, एवढंच मिळालं. टॉईज आर अस हे खेळण्यांच्या दुकानांचं जाळं २०१८ मध्ये बंद झालं तेव्हा ३० हजारांहून जास्त माणसं अशीच रिकाम्या हाताने निघाली होती. त्यांनी महिनोन्‌महिने आवाज उठवला, तेव्हा कंपनीच्या दोन जुन्या मालकांनी मिळून २ कोटी डॉलरचा निधी काढला. आमच्यासाठी आवाज उठवायला तेवढी माणसंच उरली नव्हती.

ती आरसे पुसणारी बाई आता एका किराणा दुकानात फुलांच्या विभागात काम करते. गेल्या रविवारी गेले तर गुडघ्यांवर बसून फुलांच्या बादल्यांतलं पाणी बदलत होती. खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. मला बघून म्हणाली, इथे गेल्या आठवड्यात एक दिवा गेला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी नवा लागला.