भिंत चढते कशी आणि पडते कशी

आज पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द वॉल’ (१९७९) हा अल्बम सलग ऐकला. पिंक नावाचा रॉक गायक स्वतःभोवती मनातली भिंत उभारतो, त्याची ही गोष्ट. दोन रेकॉर्डच्या चार बाजू, साधारण ८१ मिनिटं. मोबाइलवर ऐकणार असाल तर शफल बंद ठेवा आणि क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळण्याची सोय) शून्यावर, नाहीतर गाण्यांचे जोड तुटतात. सुरुवातीची हलकी धून ऐकू यावी म्हणून आवाज वाढवू नका, काही सेकंदांत गिटार अंगावर येते.

‘अनदर ब्रिक इन द वॉल’ तीनदा येतं, चाल जवळपास तीच. आधी युद्धात गेलेला बाप, मग शाळा, आणि तिसऱ्यांदा मला कुणाचीच गरज नाही हा त्रागा. दुसऱ्या बाजूच्या शेवटी भिंत पूर्ण होते. लगेच ‘हे यू’ हे गाणं, म्हणजे भिंतीच्या आतून हाका.

‘कम्फर्टेबली नम्ब’ (सुखाने बधिर) मात्र पुन्हा पुन्हा ऐकावं. पिंकला तपासणाऱ्या डॉक्टरच्या ओळी बँडमधला रॉजर वॉटर्स गातो, बी मायनर या उदास वाटणाऱ्या स्वरपट्टीत. पिंकचं उत्तर बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर गातो, डी मेजर या उजळ स्वरपट्टीत. बधिरपणाच्या वाट्याला इतके गोड, मोकळे सूर आलेत! म्हणूनच त्यातून बाहेर यावंसं वाटत नाही.

सावरणं शेवटी येतं, तेही शिक्षा म्हणून: ‘द ट्रायल’मध्ये न्यायाधीश भिंत पाडायचा हुकूम देतो. नंतरचं ‘आउटसाइड द वॉल’ दोन मिनिटांचंही नाही. ते अर्ध्या वाक्यावर तुटतं, आणि त्या वाक्याचा उरलेला तुकडा अल्बमच्या अगदी सुरुवातीला आहे. संपल्यावर पहिली बाजू पुन्हा लावा, जोड स्पष्ट ऐकू येतो.