तुम्ही विचारलंत म्हणून : तो पशू नेमका कोण?

रविवारची उपासना आटोपून पुणे कॅम्पातल्या आमच्या चर्चच्या पायऱ्या उतरताना कोणीतरी हमखास गाठते आणि विचारते, "सर, प्रकटीकरणातला तो पशू म्हणजे आज नेमका कोण?" प्रकटीकरण हे पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, शेवटचे पुस्तक; त्याच्या १३ व्या अध्यायातल्या दृष्टान्तात देवाच्या लोकांशी लढणारा एक पशू येतो आणि त्याची संख्या ६६६ सांगितली आहे. शास्त्राभ्यासाचा वर्ग मी घेतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणाऱ्याला नाव हवे असते आणि मी नाव देत नाही, त्यामुळे माझे उत्तर त्याला बहुधा पळवाट वाटते.

आजोबांचे जुने पवित्र शास्त्र माझ्याकडे आहे. प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायाशेजारी समासात त्यांनी शिसपेन्सिलीने 'मुसोलिनी' लिहून खोडले आहे, त्याखाली 'हिटलर' लिहून तेही खोडले आहे, आणि तिसऱ्या नावावर इतके रबर फिरवले आहे की तिथला कागद पातळ होऊन मागच्या पानावरची अक्षरे दिसतात. आजोबा भाबडे नव्हते. ते वर्तमानपत्र आधी उघडायचे आणि शास्त्र नंतर, इतकेच. प्रकटीकरणाचा लेखक योहान याने हे लिहिले ते रोमी सत्तेखाली राहणाऱ्या आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना. 'नीरो कैसर' हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्यांची अंकमूल्ये मिळवली की ६६६ भरतात, म्हणून पहिला रोख तिकडे असावा असे अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटते.

मजकूर स्वतःच अर्थ सांगतो तिथे आपण वेगळा शोधू नये. दानीएल या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात त्याला दिसलेल्या दृष्टान्ताविषयी गब्रीएल हा देवदूत स्पष्ट सांगतो की दोन शिंगांचा एडका म्हणजे मेदी व पारसी राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा. बकऱ्याच्या शिंगातून पुढे फुटलेल्या लहान शिंगाचे नाव मात्र तो घेत नाही. त्याच अध्यायातल्या २३०० दिवसांवरून, एक दिवस म्हणजे एक वर्ष असा हिशेब मांडून अमेरिकेत विल्यम मिलरचे अनुयायी २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्ताच्या आगमनाची वाट पाहत बसले. रात्र सरली आणि नेहमीसारखेच उजाडले. मला त्या अध्यायाचे शेवटचे वचन अधिक शिकवते. दृष्टान्ताने दानीएल कित्येक दिवस आजारी पडला, मग उठून राजाच्या कामाला लागला, आणि त्या दृष्टान्ताचा उलगडा कोणालाच झाला नव्हता. ज्याने पाहिले त्याची ही गत, आणि आम्हाला पाऊण तासाच्या वर्गात सगळे उलगडून हवे असते!

काही दृष्टान्त तर चित्रापेक्षा उच्चारावर उभे आहेत. आमोस या संदेष्ट्याला पिकल्या फळांची टोपली दिसते, आणि लगेच इस्राएलाचा अंत आला असे देव म्हणतो. फळांचा अंताशी काय संबंध? हिब्रूत उन्हाळी फळांना 'कायित्स' म्हणतात आणि अंताला 'केत्स'. मराठीत हा श्लेष हाती लागत नाही. वर्गात मी 'घडा भरला' हा आपला वाक्प्रचार पुढे करतो, तेव्हा कुठे माना हलतात. पुणे जिल्ह्यातल्या केडगावी राहून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्र मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे का वेचली, हे मला अशा जागी कळते.

एवढे ऐकूनही "पण आमच्यासाठी त्यात काय?" असा आग्रह राहिलाच, तर मी नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा १० वा अध्याय काढतो. यापो गावी भर दुपारी घराच्या धाब्यावर भुकेल्या पेत्राला, येशूच्या शिष्याला, दृष्टान्त होतो : चार कोपरे धरून आकाशातून सोडलेली मोठी चादर, तिच्यात नाना तऱ्हेचे प्राणी, यहुद्यांना निषिद्ध असलेलेही, आणि मारून खाण्याची आज्ञा. हे तीनदा घडते. याचा अर्थ काय, या विचारात तो असतानाच खाली दाराशी अनोळखी माणसे त्याची चौकशी करत उभी राहतात. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर निघतो, कैसरीयाला पोहोचतो, आणि ज्या रोमी शताधिपतीच्या घरात जाणे त्याला आजवर विटाळाचे वाटत होते त्या कर्नेल्याच्या घरात उभा राहून सांगतो की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हे देवाने मला दाखवले आहे. चादरीतल्या प्राण्यांविषयी तो तिथे एक शब्दही बोलत नाही.